प्रकल्पातलं चित्र कुठून आणलं, हे लेकरांना लिहायला लावायचं का?

खडूफळा (सातवीची वर्गशिक्षिका, यवतमाळ जिल्हा)
सातवीला 'आपला विदर्भ' हा प्रकल्प दिला होता. चित्रं मोबाइलवर शोधायची, शाळेच्या कॉम्प्युटरवर स्लाइड बनवायच्या. सोमवारी भिंतीवर प्रोजेक्टर लावला. वर मोठ्या अक्षरात 'लोणार सरोवर', आणि खाली वाळवंटातला कोरडा खड्डा! पाण्याचा थेंब नाही, झाडाचं पान नाही. ते अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं विवर होतं. मुलीने 'उल्का विवर' शोधलं आणि जे पहिलं दिसलं ते उतरवून घेतलं. दुसऱ्याचा ताडोबाचा वाघ इतका फुटला होता की वाघ की बिबट, वर्गात वाद झाला. फाइलींची नावं तर सगळ्यांचीच 'डाउनलोड', 'डाउनलोड 1', 'डाउनलोड 2'.
मी ठरवलंय, यापुढे प्रत्येक चित्राखाली कशाचं, कधीचं, कोणी काढलेलं आणि कुठून घेतलं हे लिहायचं. नसेल तर गुण कापणार. चुकतंय का माझं?

पऱ्हाटी (पालक)
मॅडम, राग मानू नका. आमच्या घरी मोबाइल एकच हाये, तो दिवसभर माह्यासंगं वावरात असते. पोट्टं संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन रेंज धरते, तवा कुठी चार चित्रं उतरतेत. त्यात तुमी फोटो काढणाऱ्याचं नाव मांगता. ते इंग्रजीत. मले वाचता येत नाई, त्याले समजत नाई. मंग ते काय करीन? स्टँडवरच्या ऑनलाइनवाल्याकडे जाईन, अन् तो पैसे घेऊन आख्खा प्रकल्प छापून देईन. गुण कापले तर त्याचा धंदा वाढीन.

जुना मास्तर (निवृत्त मुख्याध्यापक, वाशीम)
भाऊंशी सहमत. शिवाय कायदाही मुलांच्या बाजूने आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 सांगतं की शिकवण्या-शिकण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने नक्कल केली तर तो भंग होत नाही. बारा वर्षांच्या लेकराला वकिली कशाला शिकवायची? आमच्या वेळी दुकानातून चित्रांचे तक्ते आणून कापून वहीत चिकटवायचो. त्याखाली कोणी नावं लिहिली?

खडूफळा
सर, कलम 52 वर्गापुरतं. हेच प्रकल्प आपण व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकतो, तिथे तो आडोसा धरता येत नाही. पण माझं दुखणं कायद्याचं नाहीच. लोणारचंच घ्या. जून 2020 मध्ये क्षार वाढले, खारट पाण्यातले सूक्ष्मजीव फोफावले आणि पाणी गुलाबी झालं. एका मुलाकडे गुलाबी चित्र, दुसऱ्याकडे हिरवं. दोघं एकमेकांना खोटं ठरवत होते, आणि दोन्ही चित्रं खरी! खाली तारीख असती तर भांडणाऐवजी प्रश्न विचारला असता की पाणी बदललं कशाने. तक्त्यावरच्या चित्राला हे विचारायची सोयच नव्हती सर, इथे आहे.

सारसपक्षी (कॉम्प्युटर शिकवतो, गोंदिया)
ताई, पद्धत सोपी करून द्या, मग नियम जड वाटणार नाही. मराठी विकिपीडियावर लेख उघडायचा, चित्रावर बोट ठेवायचं. बहुतेक चित्रं विकिमीडिया कॉमन्सवरची असतात. तिथे काढणाऱ्याचं नाव, तारीख आणि वापराची परवानगी लिहिलेली असते. गूगलवर शोधलं तर निकालातलं छोटं चित्र सेव्ह करू नये, वाघ फुटतो तो त्यामुळेच. मूळ पान उघडून मोठं चित्र घ्यायचं. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. आणि सेव्ह करतानाच फाइलला नाव द्यायचं, 'लोणार गुलाबी जून 2020' असं. नंतर कोणी देत नाही, मीही देत नाही.

बांधावरची (कृषी पदवीधर, वर्धा)
माझा विरोध वेगळाच आहे. सगळं नेटवरून कशाला? कपाशीच्या प्रकल्पात 'बोंडअळी' म्हणून हिरवी अमेरिकन बोंडअळी चिकटवलेली मी पाहिली. आपल्याकडे रडवते ती गुलाबी. पऱ्हाटीत सकाळी फिरा. एखादं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या पिळून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या असतात. तीच डोमकळी. नखाने पाकळ्या सोडवल्या की आत इवलीशी अळी. हा फोटो लेकराने स्वतः काढावा, खाली स्वतःचं नाव आणि गावाचं नाव लिहावं. आपलं नाव चित्राखाली पाहिलेलं पोर दुसऱ्याचं नाव आपोआप शोधेल.

खडूफळा
डोमकळी घेतेच. पण लोणार आमच्यापासून लांब, तिथला फोटो लेकरं कशी काढणार? दोन्ही लागेल.

जुना मास्तर
फोटो स्वतः काढणं उत्तम, पण गुण कापण्याला माझा विरोध कायम आहे. लिहिलं त्याला शाबासकी द्या, नाही लिहिलं त्याला शेजारी बसवून शिकवा.

पऱ्हाटी
डोमकळी माह्या वावरात पायजे तेवढी हाये, पोट्ट्याले उद्याच मोबाइल देतो. बाकीचं तुमी शाळेच्या कॉम्प्युटरवर, तासाले बसवून करून घ्या. घरी देऊ नका, अन् गुण कापू नका.

खडूफळा
ठीक आहे भाऊ. शुक्रवारचे शेवटचे दोन तास कॉम्प्युटरसाठी ठेवते. या पहिल्या प्रकल्पाला गुण कापणार नाही; पुढच्याला कापायचे की नाही, यावर आपलं अजून जमलेलं नाही. फोटो काढताना पोराला सांगा, अळीशेजारी काडेपेटीची काडी ठेव, म्हणजे ती केवढी ते कळेल.