जर्मनीचे गिटारवादक आमच्यात आले आणि दोन आठवड्यांत गप्प झाले. काय करू?

सहावी_तार
मंडळी, चैन पडत नाहीये म्हणून लिहिते. आम्ही बारा-पंधरा जण दर रविवारी ऑनलाइन भेटून गिटार वाजवतो आणि आठवडाभर एकमेकांना रेकॉर्डिंग पाठवतो. तीन आठवड्यांपूर्वी जर्मनीतले एक वादक आमच्यात आले. वय साठीच्या पुढे, नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार. बोलावलं मीच होतं.

आल्या आल्या त्यांनी स्वतःच्या एका चालीचे कॉर्ड्स हाताने लिहून कागदाचा फोटो पाठवला. निळी शाई, प्रत्येक कॉर्डखाली बोटांची छोटी आकृती. तिसऱ्या ओळीत 'एच सेव्हन' होतं. ए मायनर आणि ई मायनरच्या जागी नुसतं लहान अक्षरातलं ए आणि ई. दहा मिनिटांत सात उत्तरं! 'एच नावाचा सूर नसतो', 'मायनरचा एम राहिला'. एकाने तर चुकांभोवती लाल वर्तुळं काढून तोच फोटो परत टाकला. मी संध्याकाळी बघितलं तोवर त्यांनी कागद काढून टाकला होता. खाली एकच ओळ होती: क्षमस्व, मी नीट शिकून घेईन.

शिकायचं आम्हाला होतं. आपण ज्याला बी म्हणतो त्याला जर्मनीत एच म्हणतात आणि तिथे बी म्हणजे बी फ्लॅट, आपल्या बी पेक्षा अर्धा सूर खाली. मायनर कॉर्ड लहान अक्षरात लिहायची पद्धतही तिकडे जुनी आहे. मी दुसऱ्या दिवशी हे सगळ्यांना सांगितलं, मंडळींनी मनापासून माफीही मागितली. तरी त्यानंतरचे दोन्ही रविवार ते गिटार मांडीवर घेऊन बसले आणि एकही तार छेडली नाही.

त्यात भाषा. ते आमचं मराठी भाषांतर करून वाचतात. परवा मी लिहिलं, 'अजून हात बसला नाही, पट्टी बदलून बघते.' त्यांचा लगेच निरोप आला: हाताला काय झालं? पट्टी कधी निघणार? इतकी काळजी करणारा माणूस आमच्यामुळे वाजवायचा थांबलाय, हे मला सहन होत नाहीये. कुणी असं परक्या देशातल्या वादकाला सामावून घेतलं असेल तर सांगा.

नायलॉनवाला
ताई, मी हे दुसऱ्या बाजूने अनुभवलंय. स्पॅनिश बोलणाऱ्या गिटारवाल्यांच्या एका गटात मी एकटाच बाहेरचा होतो. ते सुरांना दो-रे-मी म्हणतात, आणि त्यांचा दो म्हणजे कायम सीच. आपल्या सा सारखा तो हवा तिथे नेता येत नाही. मी महिनाभर सगळं चुकीच्या जागी वाजवत होतो आणि विचारायची लाज वाटायची. एक दिवस तिथल्या एका आजोबांनी सरळ विचारलं, 'पाचवी तार, तिसरा फ्रेट. याला तू काय म्हणतोस?' मी सी म्हटलं. ते म्हणाले, 'आम्ही दो म्हणतो.' तेवढ्याने माझी भीती गेली.

तेव्हा तुम्हीही तारेचा आणि फ्रेटचा नंबर सांगायची सवय लावा. त्यांचा एच सेव्हन म्हणजे पाचवी तार दुसऱ्या फ्रेटवर, चौथी पहिल्यावर, तिसरी दुसऱ्यावर, दुसरी मोकळी, पहिली दुसऱ्यावर, आणि सहावी वाजवायची नाही. तुमच्यातल्या प्रत्येकाने ही पकड शेकडो वेळा धरली असेल. भाषांतराचंही तसंच. 'हात बसला नाही' ऐवजी 'अजून सराव कमी आहे' लिहा, 'पट्टी' ऐवजी 'स्केल'. वाक्य छोटं ठेवा, कर्ता गाळू नका.

पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. माफी मागून झाली, आता पुन्हा पुन्हा मागू नका, त्याने माणूस जास्तच अवघडतो. तो कागद परत मागा. त्यात एक अक्षरही बदलू नका आणि तुम्ही सगळे ती चाल बसवायला घ्या. अडलं की त्यांनाच विचारा. उजव्या हाताचं कुठलं बोट कुठल्या तारेवर, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?

मेट्रोनोम_६०
रविवारी सगळ्यांना एकाच वेळी वाजवायला सांगत असाल तर त्यांच्याबरोबर ते जमणार नाही, आणि तो दोष ते स्वतःवर घेतील. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. अंतर ६,००० किलोमीटर धरलं तरी नुसतं एका बाजूने जायला ३० मिलिसेकंद. व्हिडिओ कॉलवर बाकीचं सगळं धरून हा उशीर सहज १०० च्या पुढे जातो. हवेत आवाज १०० मिलिसेकंदांत ३४ मीटर जातो, म्हणजे एवढ्या लांब बसून ठेका धरण्यासारखं झालं ते. त्यापेक्षा एकाने आधी चार ठोके मोजून रेकॉर्ड करायचं, दुसऱ्याने त्यावर आपलं वाजवायचं.

आणि ए किती हर्ट्झला लावता, हे आधी ठरवा. युरोपातले बरेच ऑर्केस्ट्रा ४४० ऐवजी ४४२ किंवा ४४३ ला लावतात. ते अशा वादकांबरोबर वाजवत असतील तर त्यांची गिटारही तशीच लावलेली असेल. ४४० आणि ४४२ मध्ये फरक जेमतेम ८ सेंटचा (एका फ्रेटचं अंतर म्हणजे १०० सेंट), एकट्याने वाजवताना कळतही नाही. दोन्ही रेकॉर्डिंग एकावर एक ठेवली की मात्र त्या ए वर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. तेव्हा 'तुमची गिटार सुरात नाही' असं कुणी म्हणायच्या आत बोलून घ्या.

गोल_बी
एच कुठून आला तेही तुमच्या मंडळींना सांगा. जुन्या हस्तलिखितांत बी दोन तऱ्हेने लिहायचे, एक गोल आणि एक चौकोनी. गोल बी म्हणजे उतरलेला सूर, आजचं फ्लॅटचं चिन्ह त्याच्यावरूनच आलं. चौकोनी बी एच सारखा दिसायचा, आणि जर्मन लोकांनी तो एच म्हणूनच ठेवला. म्हणून तर जर्मन संगीतकार बाखला आपल्या आडनावाची चार अक्षरं चार सुरांत वाजवता आली: बी फ्लॅट, ए, सी आणि आपला बी.

सहावी_तार
सगळ्यांचे आभार. नायलॉनवाला दादा, मी त्याच रात्री कागद मागितला. दोन दिवस काही उत्तर नव्हतं. मग फोटो आला, नव्याने लिहिलेला. त्यांनी एच खोडून बी केला होता! मी लिहिलं, 'कृपया पहिला कागद पाठवा. मला तोच हवा आहे.' तो आला.

या रविवारी आम्ही तो समोर ठेवून बसलो. तिसऱ्या ओळीत अंगठा कुठे ठेवायचा हे कुणालाच कळेना, म्हणून विचारलं. त्यांनी कॅमेरा खाली वळवला आणि नुसता उजवा हात दाखवत चार वेळा सावकाश वाजवून दाखवलं. मग आपण होऊन तारा लावायचं त्यांच्याकडचं वाक्य शिकवलं: आइन आन्फेंगर देर गितारं हात आइफर. म्हणजे, गिटारच्या नवशिक्याकडे उत्साह असतो. सहा शब्द, सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत एकेका तारेला एक. लाल वर्तुळं काढणारा आमचा मुलगा त्या वाक्यावर एकेक तार लावत गेला. पाचव्या शब्दावर थांबून त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "एच?"

"एच," ते म्हणाले, आणि स्वतःची दुसरी तार छेडून त्याला सूर दिला.

ए ४४२ च निघाला, मेट्रोनोमदादा. आम्ही सगळ्यांनी आपापल्या गिटारी तिथे चढवल्या. चार ठोके मोजून त्यांनी चाल रेकॉर्ड करून पाठवली आहे, आज रात्री मी त्यावर माझं वाजवणार आहे.