मदत हवी आहे : यादीत ‘कुऱ्हाडे’ दिसतात, पण शोधल्यावर सगळे सापडत नाहीत. आणि विचारण्याआधी स्वतः किती शोधावं?

गिरगाव_वाचनालय

नमस्कार मंडळी,

दोन प्रश्न घेऊन आले आहे. पहिला तांत्रिक. दुसरा त्यातूनच निघालेला, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा.

गिरगावातल्या एका वाचनालयाचं काम मी संध्याकाळी बघते. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं, तेवढा आमचा पसारा नाही. पण सभासद जीव लावणारे आहेत. चाळ पाडली म्हणून विरार-डोंबिवलीला राहायला गेलेले लोकही वर्गणी इथेच भरतात. त्यांची यादी आधी रजिस्टरात होती. मग कोणीतरी ती जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केली, नंतर ती युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) आणली गेली, आणि पुढची नावं ज्याने त्याने आपापल्या कीबोर्डवरून भरली. सध्या सगळं एस्क्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये आहे आणि शोधायला पायथनचा छोटा प्रोग्राम आहे. बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा मदतीला येतो, तो हे लिहितो. मी नोकरीत बरीच वर्षं प्रोग्रामिंग केलं आहे, त्यामुळे त्याच्या शेजारी बसते.

अडचण अशी: ‘कुऱ्हाडे’ शोधलं की काही सभासद येतात, काही येत नाहीत. न आलेलं नाव यादीत डोळ्यांना दिसतं, अगदी तसंच लिहिलेलं. तेच कॉपी करून शोधलं तर सापडतं, पण मग आधी आलेले गायब! ‘गोऱ्हे’ आडनावाचंही असंच. पाटील, सावंत, म्हात्रे यांची काही तक्रार नाही.

मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा काढल्या, फरक पडला नाही. मुलाने चॅटबॉटला विचारलं. त्याने एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एक करणं) करायला सांगितलं, तेही केलं, फरक नाही. पुन्हा विचारल्यावर ‘शून्य रुंदीची सगळी अदृश्य चिन्हं काढून टाका’ असा सल्ला आला. यादीच्या एका प्रतीवर करून पाहिलं तर ‘कुऱ्हाडे’चं ‘कुर्हाडे’ झालं, ह वर रफार. सभासदाच्या पावतीवर असं नाव छापून देणं मला तरी चालणार नाही.

त्या संध्याकाळी तो लगेच प्रश्न टाकायला निघाला होता. मी म्हटलं, आधी दोन्ही नावांचा एकेक कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक, छापून बघ. त्याने छापला. पहिल्या नावात आठ निघाले, दुसऱ्यात नऊ. पहिल्यात ‘ऱ’ (०९३१) आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह). दुसऱ्यात साधा ‘र’ (०९३०), हलन्त आणि त्यानंतर २००डी, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी.

तर पहिला प्रश्न: या दोन रूपांपैकी कुठलं ठेवायचं, आणि बाकीच्या नावांना धक्का न लावता ते कसं करायचं? जमल्यास हेही सांगा: यादी अकारविल्हे लावली की ‘क्षीरसागर’ क मध्ये जातात आणि ‘काळे’ ‘कासार’च्या आधी येतात. जुन्या रजिस्टरात असं नव्हतं.

आता दुसरा. कोडपॉइंट छापल्यावर त्या मुलाचा प्रश्नच बदलला. आधी तो लिहिणार होता, ‘मराठी सर्च नीट चालत नाही, मदत करा.’ त्यावर कोण काय सांगणार? आता तो दोन रूपं समोर ठेवून विचारतोय. म्हणून आधी स्वतः शोधावं याबद्दल माझं मत पक्कं आहे, आणि ते उत्तर देणाऱ्याचा वेळ वाचावा एवढ्यापुरतं नाही. शोधल्याशिवाय आपल्याला नेमकं काय अडलंय हेच कळत नाही.

पण इंग्रजी मजकुराची अडचण असती तर स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर २००८ पासून कोणी ना कोणी ती विचारलेली असते. तिथे पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश, जपानी अशा वेगळ्या शाखाही आहेत. मराठीतल्या अर्ध्या ‘र’वर तो पोरगा किती शोधणार? शोधायला मुळात काही लिहिलेलंच नसेल तर ‘आधी शोध’ म्हणणं म्हणजे त्याला अंधारात सोडून देणं. त्याची परीक्षाही जवळ आली आहे. तुम्ही नव्या माणसाला किती वेळ शोधू देता? आणि कुठे म्हणता, ‘बस, आता विचार’?

---

जोडाक्षर

ताई, प्रश्न असा मांडलात की उत्तर द्यायला बरं वाटलं. आधी तांत्रिक.

दोन्ही रूपं वैध आहेत. युनिकोडच्या २.० आवृत्तीत (१९९६) हा अर्धा र लिहायचा मार्ग र, हलन्त, जोडचिन्ह असा होता. पुढे ‘ऱ’ आणि हलन्त हे रूप पसंतीचं ठरलं, पण जुना मजकूर बिघडू नये म्हणून आधीचंही कायम ठेवलं. फॉन्ट दोन्हींचं चित्र एकच काढतो. एस्क्यूलाइट चित्र बघत नाही, बाइट जुळवतं. म्हणून त्याच्या लेखी ही दोन वेगळी आडनावं.

एनएफसीने का झालं नाही? ते फक्त युनिकोडच्या नियमांत समतुल्य म्हणून नोंदवलेल्या जोड्या एक करतं. ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) म्हणजे ‘ऱ’, ही जोडी तिथे नोंदलेली आहे. जोडचिन्हाच्या रूपाची तशी नोंद नाही. एनएफसी काढू नका, फक्त त्यावर विसंबू नका.

आता क्रम, कारण सगळं त्यावरच आहे. मूळ नावाच्या रकान्याला हात लावू नका, पावती त्यातूनच छापा. शेजारी ‘शोधनाव’ असा नवा रकाना करा. त्यात आधी एनएफसी. मग ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’. हे झाल्यावरच उरलेली जोडचिन्हं काढा. ती काढावी लागतात, कारण कोणी ‘ईश्वर’ असं लिहिलेलं असतं, तर कोणी श् आणि व च्या मध्ये जोडचिन्ह घालून ‘ईश्‍वर’. बॉटने शेवटची पायरी पहिली सांगितली. जोडचिन्ह गेलं की उरतो र आणि हलन्त, आणि पुढे व्यंजन असेल तर त्याचा रफारच होणार. पुस्तकांच्या यादीवर हे उलट्या क्रमाने चालवलंत तर डोंगरातल्या ‘दऱ्या’ जाऊन समुद्राचा ‘दर्या’ येईल.

शोधणारा जे टाइप करेल तेही याच फंक्शनमधून न्या. हे राहिलं तर केलेलं सगळं फुकट.

तपासायला नावं: ‘कुऱ्हाडे’ दोन्ही रूपांत, ‘गोऱ्हे’ दोन्ही रूपांत, ‘ईश्वर’ जोडचिन्हासह आणि त्याशिवाय, आणि ‘सूर्यवंशी’. शेवटच्याचा रफार जागच्या जागी राहायलाच हवा. तो हलला तर काहीतरी चुकलंय.

---

विक्रोळी_पूर्व

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आमच्या टीममध्ये दरवर्षी नवी मुलं येतात. मी घड्याळ लावून बघितलं, नाही जमलं. कोणी अर्ध्या तासात मुळाशी जातो, कोणी तेवढ्यात फक्त टॅब उघडून ठेवतो.

आता मी एवढंच मागतो: काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि ते घडवणारा सगळ्यात छोटा कोड. तुमच्या यादीतले सगळे सभासद नकोत, दोन नावं पुरेत. हे तयार करता करता बऱ्याच जणांचं उत्तर तिथेच निघतं आणि प्रश्न पाठवायची वेळच येत नाही. नाही निघालं तर माझ्यासमोर काम करण्यासारखं काहीतरी असतं.

पण याची दुसरी बाजू मला रोज दिसते. ‘गूगल केलंस का?’ हे एकदा चारचौघांत ऐकलेला मुलगा पुन्हा विचारत नाही. दिवसभर एका ओळीवर अडून बसतो आणि संध्याकाळी ‘चालू आहे’ म्हणतो. मला तो जास्त महाग पडतो. उगाच विचारणाऱ्याला वळण लावता येतं. गप्प बसलेला काय करतोय हे कळतच नाही, आणि कळेपर्यंत डिलिव्हरीची तारीख येऊन ठेपलेली असते. म्हणून ‘आधी शोध’ म्हणणाऱ्यानेच कुठे शोधायचं हेही सांगावं. ताई, तुम्ही ‘कोडपॉइंट छाप’ म्हणालात, नुसतं ‘बघ’ म्हणाला नाहीत. मला तरी फरक तिथेच दिसतो.

---

टीवाय_आयटी

मी विद्यार्थी आहे, म्हणून आमच्या बाजूने लिहितो. आम्ही बॉटकडे जातो ते आळसाने नाही. इंग्रजीत प्रश्न टाकायचा म्हणजे आधी वाक्य जुळवायचं, मग तो ‘आधीच विचारलेला आहे’ म्हणून बंद होणार, आणि दिलेल्या लिंकवर जे आहे ते आपल्याला लागू पडत नाही हे पुन्हा इंग्रजीतच पटवायचं. बॉट मराठीत विचारलं तरी समजून घेतो, आणि त्याच्यासमोर लाजायला होत नाही. रात्री दोन वाजताही तो असतो.

त्याचं उत्तर चुकलं तर ओळखायचं कसं, हे मात्र आम्हाला कोणी शिकवत नाही. प्रॅक्टिकलला कोड चालला की सही मिळते.

---

जोडाक्षर

@टीवाय_आयटी, तुमचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ अखेर आलं आणि पुढच्याच महिन्यात स्टॅक ओव्हरफ्लोने त्याची उत्तरं तिथे चिकटवायला बंदी घातली. कारण हेच: उत्तर दिसायला बरोबर, लिहायला क्षणभर, आणि तपासायला जाणकाराचा अर्धा तास. या धाग्यातलाच सल्ला बघा. ‘अदृश्य चिन्हं काढा’ हे इंग्रजी यादीला बहुधा चाललं असतं. मराठीत त्याने आडनावं बिघडवली, आणि प्रोग्राम एकदाही अडला नाही. एरर आली नाही म्हणून काम झालं असं धरलं असतं तर पावत्या छापून गेल्या असत्या.

बॉटला जरूर विचारा. पण कोणतं उत्तर आलं म्हणजे चूक समजायची, ते आधी कागदावर लिहून ठेवा. ‘सूर्यवंशी’ मी त्यासाठीच सांगितलं.

आता अकारविल्हे. पायथनची साधी क्रमवारी कोडपॉइंटच्या आकड्यावर चालते. तिथे ‘ळ’ (०९३३) हा ‘ल’च्या लगेच नंतर आहे, आणि ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त, ष, म्हणून तो क मध्येच बसतो. आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ. आयसीयू या तयार कोडच्या लायब्ररीत मराठीचा हा क्रम आहे, पायथनमधून पायआयसीयूने वापरता येतो. विंडोजवर बसवताना कटकट होते. नाही बसलं तर ळ, क्ष, ज्ञ या तिघांना ह च्या पुढची जागा देणारी क्रमवारीची किल्ली हाताने लिहा. एका यादीपुरती ती पुरते.

---

गिरगाव_वाचनालय

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘शोधनाव’ रकाना केला. कुऱ्हाडे आणि गोऱ्हे दोन्ही रूपांत येतात, सूर्यवंशी जागच्या जागी आहेत. क्रमवारीची किल्ली तो मुलगा हातानेच लिहितोय. पायआयसीयूच्या मागे लागून परीक्षेच्या तोंडावर त्याचा वेळ घालवायचा नाही, असं मी ठरवलं.

विक्रोळीकर, तुमचं पटलं. त्याला मी आता वेळेची मर्यादा घालणार नाही. दाखवण्यासारखं काहीतरी हातात आलं, मग ते ‘हे करून बघितलं आणि हे झालं नाही’ एवढंच का असेना, की विचारायचं. आणि कुठे बघायचं ते मी सांगायचं, ही माझी जबाबदारी.

टीवाय_आयटी, तुम्ही लिहिलंत ते वाचून एक जास्तच जाणवलं. बॉटने बरोबर उत्तर दिलं असतं तरी ते आमच्या दोघांच्या पडद्यावरच राहिलं असतं. उद्या साताऱ्यातलं किंवा परळमधलं एखादं वाचनालय याच ‘र’वर अडलं तर त्यांना काय सापडणार? म्हणून पूर्ण फंक्शन, तपासायच्या नावांसकट, मराठीत समजावून याच धाग्यात टाकायचं काम मी त्या मुलाला दिलं आहे. तुम्हीही पुढचा प्रश्न इथे मराठीत टाका. ‘आधीच विचारलाय’ म्हणून कोणी बंद करणार नाही.

एक राहिलं. बरेच सभासद फोनवरून शोधतात आणि ‘कुर्हाडे’ असं रफार देऊनच टाइप करतात, कारण त्यांच्या कीबोर्डवर हा अर्धा र त्यांना सापडत नाही. तेही जमेस धरावं का?

---

जोडाक्षर

धरा, पण वेगळ्या रकान्यात. ‘सैलनाव’ म्हणा. त्यात शोधनावातला प्रत्येक ‘ऱ’ साधा ‘र’ करा, आणि टाइप केलेल्या मजकुराचंही तेच. आधी शोधनावात बघायचं. तिथे काही मिळालं नाही तरच सैलनावात, आणि ते निकाल ‘जवळची नावं’ म्हणून वेगळे दाखवायचे. सूर्यवंशींना काही होत नाही. पुस्तकांच्या यादीला मात्र हा रकाना लावू नका, तिथे दऱ्या आणि दर्या पुन्हा एकत्र येतील.