आवाज येतो, चित्र नाही: फोंड्याच्या घरातला टीव्ही

मस्कतहून

मंडळी, नमस्कार.

फोंड्याला आई-बाबांकडचा ३२ इंची एलईडी टीव्ही परवाच्या पावसात बसला. आवाज येतो, रिमोटने चॅनल बदलतात, पण पडदा काळा ठार. एक दुरुस्तीवाला येऊन मागचं झाकणही न उघडता ‘पॅनेल गेलं, नवाच घ्या’ म्हणून गेला. चतुर्थीला सगळं घर भरेल, त्याआधी बाबांना टीव्ही हवाय. धाकटा भाऊ तिथेच आहे. हात चांगला आहे त्याचा, मल्टिमीटरही आहे. त्याने उघडून बघावा का? कुणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा.

म्हापशाहून

अरे, झाकण न उघडता पॅनेल गेलं म्हणणारा एक तर ज्योतिषी, नाहीतर त्याला नवा टीव्ही खपवायचाय. उघडायची घाई मात्र तुम्हीही करू नका.

आधी भावाला सांग, रात्री खोलीत पूर्ण काळोख कर आणि बातम्यांचं चॅनल लाव. मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका धर आणि हळूहळू सरकव. काळ्यावर काळं असं पुसट काही हलताना दिसतं का ते बघ. बातम्या एवढ्यासाठीच, की खालची सरकती पट्टी चटकन ओळखू येते. ती दिसली तर पॅनेल शाबूत आहे, गेलाय तो मागचा उजेड. पॅनेल म्हणजे पडद्याची एलसीडी काच, ती स्वतः उजळत नाही. मागच्या एलईडी पट्ट्यांचा उजेड कुठे अडवायचा, कुठे सोडायचा, एवढंच तिचं काम. त्या पट्ट्यांतले एलईडी बहुधा मखरावरच्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक तुटला की सगळी ओळ काळोखात.

उभ्या रेघा असत्या किंवा काचेला तडा असता तर मी घरच्या दुरुस्तीचा नादच सोडायला सांगितला असता.

बातम्यांची सरकती पट्टी दिसली तर पुढचं वाचा. प्लग काढा, डिशची वायरही काढा. २३० व्होल्टचा एसी डीसी झाला की पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून ते उतरवायची आपल्याकडे फार हौस. ते करू नये. बोर्डाला हातच लावायचा नाही. लावायची वेळ आलीच तर आधी मीटर धरून व्होल्ट उतरल्याची खात्री करायची.

खरी जोखीम काच उचलताना. तिच्या कडेला पिवळसर, कागदासारख्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यातली एक फाटली की मग मात्र दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खरं होईल. टेबलावर स्वच्छ चादर घालून दोघांनी चारही कोपरे सांभाळून काच उचला आणि सपाट ठेवा. त्याखालचे पांढरे पापुद्रे एकावर एक ज्या क्रमाने रचलेले असतील तसेच परत गेले पाहिजेत, बोटांचे डाग न पडता.

मग एलईडी. गेलेल्यावर पिवळ्या भागात बऱ्याचदा काळा ठिपका दिसतो. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर ६ व्होल्टचा एलईडी सहसा पेटतच नाही, तेव्हा पेटला नाही म्हणून धडधाकट एलईडीला मेला ठरवू नका. एकच एलईडी पट्टी गेली असली तरी सगळ्या बदला, नाहीतर पडद्यावर एका जागी उजेड, दुसऱ्या जागी सावली असं होतं. आणि ‘३२ इंची द्या’ म्हणून पट्ट्या मागू नका. पट्टीवर छापलेला नंबर दाखवून घ्या.

मस्कतहून

काका, भाऊ काल रात्री टॉर्च घेऊन बसला होता. सरकती पट्टी दिसली, निवेदिकेचा चेहराही ओळखता आला म्हणे! बाबा मागे उभे राहून बातम्या वाचत होते. आज त्याने आणि शेजारच्या मुलाने मिळून काच उचलली, सुखरूप. मधल्या पट्टीवर काळा ठिपका आहे, आणि कनेक्टरवर हिरवट बुरा.

दोह्याहून

मध्येच विचारते, राग मानू नका. आमचं काणकोणचं घर जूनपासून बंद असतं. आम्ही चतुर्थीला जातो आणि गेल्या गेल्या टीव्ही लावतो. तो बुरा दमटपणाचाच ना?

म्हापशाहून

हो ताई, दमटपणाचाच, आणि किनाऱ्यालगत खारा वाराही. घर उघडलंत की खिडक्या उघडा, पंखा सोडा, टीव्ही दुसऱ्या दिवशी लावा. परत निघताना प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा. वीज चमकते तेव्हा पुष्कळ बोर्ड त्या वायरीच्या वाटेनेच जातात, आणि लोक फक्त स्विच बंद करून निर्धास्त असतात.

आणि मस्कतकर, बुरा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काढायला सांग. पूर्ण वाळल्याशिवाय जोडायचं नाही. नव्या पट्ट्या बसल्या की काच ठेवण्याआधी सगळे एलईडी पेटतात का ते बघा, पण त्या वेळी आत कुणाचा हात नको. टीव्ही सुरू झाला की मेनूत जाऊन बॅकलाइट, म्हणजे हाच मागचा उजेड, शंभरावरून साठ-सत्तरवर आणा. शंभरावर ठेवला की एलईडी तापतात आणि लवकर जातात. बाबा अंधुक दिसतं म्हणून कुरकुरतील, पण दोन दिवसांत डोळे सरावतात.

पट्टीचा नंबर मला पाठव. शुक्रवारी बाजारात जाणार आहे, दोन-तीन ठिकाणी विचारतो.

मस्कतहून

देव बरें करूं, काका. पट्टीचा फोटो वेगळ्या मेलने पाठवलाय. नंबरातलं शेवटचं अक्षर पुसट आहे, ‘बी’ आहे की ‘आठ’, ते भाऊ भिंग लावून बघतोय.