रेकॉर्ड कंपन्या नंतर आल्या

एका भावानं लिहिलंय की जॅझ, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, जगला तो रेकॉर्ड कंपन्यांमुळं. अर्धंच खरं. जॅझची पहिली रेकॉर्ड 1917 ची, आणि तीही गोऱ्या वादकांची. जॅझचं जन्मगाव न्यू ऑर्लिन्स, तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतली मदत-मंडळं त्याच्या कितीतरी आधीची. भिशीसारखी वर्गणी, त्यातून सभासदाचं आजारपण निघायचं, मयतीचा खर्चही, आणि मयतीला ब्रास बँड. जाताना संथ भक्तिगीतं, दफन झालं की परतीला नाचवणारं वादन, मागं अख्खी गल्ली! वादकाला काम मोहल्ल्यानं दिलं. 1998 पासून तिथं वादकांसाठी वेगळा दवाखानाही आहे, हे तर मला फार पटतं.

आपल्याकडं लातूर-नांदेडचे बँडवाले लग्नसराईच्या सुपाऱ्यांवर जगतात. दुष्काळाच्या साली लग्नं साधेपणानं उरकली की पहिली काट बँडलाच. तुळजापूरच्या गोंधळ्यांचं त्यातल्या त्यात बरं, कुळाचार आहे तोवर संबळ वाजणार. बँडातल्या क्लॅरिनेटवाल्याच्या मागं असं ठरलेलं घर नाही. गणेश मंडळांकडं वर्गणी असते की, पण ती जाते डीजेच्या भिंतीला.