सेसना १८२ एकट्याने हँगरात घालायला कोणता टग घ्यावा?

मिशिगनकर
मंडळी, ग्रँड रॅपिड्सच्या उत्तरेला एका छोट्या विमानतळावर माझा भाड्याचा टी-हँगर (एका विमानापुरता गाळा) आहे. विमान सत्तरच्या दशकातलं १८२. पंख ३६ फूट, दार ४० फूट, म्हणजे दोन्हीकडे जेमतेम दोन-दोन फूट. इतकी वर्षं टो-बार (पुढच्या चाकाला लावून विमान ओढायचा दांडा) आणि मुलगा यांच्यावर भागलं. आता मुलगा शिकागोला, आणि माझी कंबर साठीच्या पुढची. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून हँगरासमोरच्या डांबराला बाहेर उतार दिलाय, त्यामुळे विमान आत घालायचं म्हणजे चढावर. वर दाराच्या रुळाचा दीडेक इंचाचा उंबरा. उन्हाळ्यात निभतं, बर्फ पडला की नाकी नऊ येतात.
टग म्हणजे विमान ओढायचं छोटं यंत्र; त्यात पेट्रोलचा, बॅटरीचा आणि ड्रिल लावून चालणारा असे तिन्ही प्रकार बघितले. जो तो 'इतके हजार पौंड ओढतो' म्हणून छाती ठोकतो. बायको म्हणते, एवढ्या पैशात गडी ठेवा. कोणी वापरलाय का?

पानास्क्रू
काका, मी ओहायोत मेकॅनिक आहे, रोज कुणाचं ना कुणाचं विमान आतबाहेर करते. ते हजार पौंड विसरा. टाक्या भरलेलं तुमचं विमान सव्वादोन हजार पौंड धरा. शंभर फुटांत दोन फूट चढ असेल तर चढासाठी ४५ पौंड जोर लागतो, वर चाकं फिरवायला आणखी तीस-चाळीस. हा आकडा काही भयंकर नाही. अडतं ते पकडीपाशी. ऐंशी पौंड वजनाचा टग नुसता टो-बारच्या टोकाला जोडला, तर कोरड्या डांबरावर तो पन्नासेक पौंड ओढेल आणि बर्फावर आठ-दहा. मग मोटर कितीही दांडगी असो, चाकं जागच्या जागी गरगरणार.
म्हणून नोजव्हील (नाकाखालचं चाक) उचलून स्वतःच्या अंगावर घेणारा टग बघा. विमानाच्या नाकाचं काही शे पौंड वजन त्याच्या चाकांवर येतं, तीच त्याची पकड. ड्रिलवाल्यात रोलर तुमच्याच टायरवर दाबून टायर फिरवतो, म्हणजे तिथेही नाकाचं वजन कामी येतं. पण टायर ओला असला की रोलर घसरतो. आधी फडक्याने पुसायचा.
आता खरी भीती. नोजव्हील एका बाजूला साधारण ३० अंशांपुढे वळवायचं नाही (तुमच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम). हाताने ओढताना टो-बारला अडल्याचं कळतं आणि आपण थांबतो. टगला काही कळत नाही, तो वळण अडवणारा स्टॉप मोडून पुढे जातो. फेअरिंगवर (चाकावरच्या आच्छादनावर) लाल टेपने मर्यादेच्या खुणा करा. आणि रडरला (शेपटीच्या सुकाणूला) वाऱ्याने हलू नये म्हणून गस्ट लॉक लावत असाल तर ओढण्याआधी काढा, सेसनाचं नोजव्हील रडरच्या पेडलांशी जोडलेलं असतं.

मूनीवाला_टेक्सास
ताईंना दुजोरा. माझ्या मूनी विमानाला मर्यादा १४ अंशच. एका विमानतळावर रात्री मुक्काम केला, तिथल्या पोराने टगने विमान हलवलं, सकाळी बघतो तर पुढच्या चाकाच्या ट्रसच्या (आधाराच्या सांगाड्याच्या) नळीला खोच. खोच १/३२ इंचाहून खोल असली की ती तशी चालत नाही. बिल कोणी भरलं ते विचारू नका.
तेव्हापासून मी टगच्या फंदात पडत नाही. मागच्या भिंतीशी जमिनीत विंच (दोर गुंडाळून ओढणारी मोटर) बसवलाय. दोर मागच्या दोन्ही चाकांच्या पायांना व्हीसारखा बांधायचा, एका हातात रिमोट, दुसऱ्यात टो-बार. पकडीचा प्रश्नच मिटतो, बर्फ असो वा तेल. फक्त काँक्रीटला भोक पाडायला हँगरमालकाची परवानगी लागते.

बारामतीचा_सीएफआय
आमच्याकडे टग म्हणजे चार कॅडेट (शिकाऊ वैमानिक) आणि चहा. पण हे चौघं टेलप्लेनला (शेपटीच्या आडव्या पंखाला) हात लावतात, प्रोपेलर धरून ओढतात, आणि मी ओरडत फिरतो. मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) एखादी वायर तुटलेली असेल तर चावी काढूनही इंजिन फिरू शकतं, हे कितीदा सांगायचं?

मिशिगनकर
विंचचं विचारलं, मालक 'नाही' म्हणाला. हँगरात प्लग एकच, तोही इंजिन हीटरला. मग ड्रिलवाला? आणि उंबऱ्याचं काय?

पानास्क्रू
तुमच्याकडच्या थंडीत ड्रिलवाला सोयीचा, बॅटरी खिशात घालून घरी नेता येते. लिथियमची बॅटरी शून्य सेल्सिअसखाली चार्ज करू नका, खराब होते. मोठा बॅटरी टग घेतलात तर एका प्लगवर त्याचं आणि हीटरचं भांडण. पेट्रोलवाल्याला जोर आहे, पण बंद हँगरात धूर आणि पेट्रोलची वाफ मला नको वाटते, शिवाय विमानतळाचे नियमही बघावे लागतील.
उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी, तिन्ही चाकांच्या वाटेवर, फूटभर तरी लांब. दार लावण्याआधी काढून ठेवायच्या. एवढ्याने निम्मं काम हलकं होईल.
नोजव्हीलला फेअरिंग आहे का? असेल तर रोलर टायरपर्यंत पोचतो का ते ऑर्डरआधी विक्रेत्याला विचारा.

मिशिगनकर
आहे, आणि खालून बरंच झाकलेलं आहे. शनिवारी फोटो टाकतो.