मदत हवी आहे: ‘सियामीज अल्गी ईटर’ म्हणून आणलेला मासा नक्की कोणता? एंजलला जखम झाली आहे

मूळ धागा – धागाकर्ती

नमस्कार. फोटो जोडले आहेत, पण रात्री टॉर्चच्या उजेडात काढल्यामुळे धूसर आलेत. म्हणून जमेल तितकं शब्दांत लिहिते. थोडं लांबेल, पण घाईत चुकीचा निर्णय घ्यायचा नाही.

आम्ही फोंड्याजवळ राहतो. टाकी तीन फुटी आहे, ३६ × १२ × १५ इंच, म्हणजे साधारण १०० लिटर पाणी. दोन वर्षं झाली. पाणी घरच्या विहिरीचं, चिऱ्याच्या जमिनीतलं, मऊ. चार एंजल मासे, तळाशी फिरणारे सहा कोरीडोरस (कोरी), एक मोठं लाकूड, त्यावर बांधलेली अनुबियास आणि जावा फर्न ही पाणवनस्पती.

गेल्या पावसाळ्यात अनुबियासच्या पानांच्या कडांना काळं, केसाळ शेवाळ धरलं. बोटांनी ओढून निघत नाही, पानच फाटतं. वाचल्यावर कळलं की हे शेवाळ खाणारे मासे फार थोडे आहेत आणि सियामीज अल्गी ईटर त्यातला सगळ्यात खात्रीचा. चवथीच्या आधी एका दुकानात टाकीवर नेमकं हेच नाव लिहिलेलं दिसलं. दुकानदाराला दोनदा विचारलं, तोही हो म्हणाला. माल मुंबईहून, कुर्ल्याहून येतो असंही त्याने सांगितलं. एकाच पिशवीत दोन मासे आणले, दोन्ही दोन-दोन इंचांचे, तपकिरी, अंगावर काळा पट्टा.

पहिल्या महिन्यात समोरची काच लख्ख झाली. हिरवा थर सगळा गेला. काळ्या शेवाळाला मात्र कोणी तोंड लावलं नाही. मग त्यातला एक भराभर वाढू लागला. आज तो साडेचार इंच आहे, दुसरा जेमतेम तीन. मोठ्याने लाकडाखालची जागा धरली आहे. कोरी तिकडे गेल्या की हाकलतो, धाकट्याला तर दिवसभर पळवतो.

खरी काळजी पुढची. गेल्या रविवारी रात्री अकराला पाणी प्यायला उठले तेव्हा मोठा मासा आमच्या सगळ्यात जुन्या एंजलच्या कुशीला चिकटलेला दिसला. एंजल गोल गोल फिरत होती, हा सुटत नव्हता. दिवा लावल्यावर सुटला. सकाळी पाहिलं तर एका बाजूला रुपयाएवढ्या जागेत खवल्यांची चमक गेलेली, मध्ये लालसर. ही एंजल नखाएवढी असताना माझ्या मुलीने स्वतःच्या वाढदिवसाला निवडून आणली होती. रोज शाळेतून आली की दप्तर टाकून आधी तिच्याकडे जाते. तिला मी अजून नीट सांगितलेलं नाही.

सियामीज अल्गी ईटर शांत असतो असं सगळीकडे लिहिलंय. मग हा कोण? दोन्ही मासे काढायला हवेत का? आणि काढले तर ठेवायचे कुठे? शेजारचे काका म्हणतात, खांडेपारच्या नदीत सोडून दे, पाण्याचा जीव पाण्यात जाईल. ते प्रेमाने सांगतात, पण मला ते पटत नाही.

प्रतिसाद – व्हाळकाठ

ताई, फोटोतलं चिकटणं बघून मला आमच्या सत्तरीतला मासा आठवला. व्हाळात, वाहत्या पाण्यात दगडाला धरून बसतो. शास्त्रीय नाव गारा मुल्या. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली तेव्हा बऱ्याच माशांना इथल्याच बोलीतली नावं दिली, त्यातलाच हा ‘मुल्या’. पश्चिम घाटात सगळीकडे आहे. कोणीतरी व्हाळातले पकडून दुकानात दिले असतील आणि दुकानदाराने वर महाग नाव लावलं असेल, असं होऊ शकतं. तपकिरी रंग आणि अंगावरचा काळसर पट्टाही जुळतो. पण गारा दुसऱ्या माशाच्या अंगाला चिकटल्याचं मी कधी पाहिलं नाही, तेवढं एक खटकतं.

प्रतिसाद – जुनीटाकी

ताई, आधी एंजल. तिला आजच वेगळी करा. वीस-पंचवीस लिटरचा टब चालेल. पाणी याच टाकीतलं घ्या, जमल्यास टाकीत चालत असलेला स्पंज फिल्टर त्यात लावा. रोज चौथा हिस्सा पाणी बदला. अंगणात देशी बदामाचं झाड असेल तर खाली गळलेली, पूर्ण वाळलेली दोन पानं धुऊन टबात टाका. पाणी चहासारखं होईल, होऊ द्या, बुरशीला आळा बसतो आणि मऊ पाण्यातल्या एंजलला ते मानवतं. जखमेवर कापसासारखं पांढरं दिसलं तर लगेच इथे लिहा.

आता ओळख. पट्ट्यावर जाऊ नका, लहानपणी या सगळ्यांना पट्टा असतो आणि तिथेच सगळे फसतात. तोंड बघा. मासा स्वच्छ काचेच्या बरणीत पाच मिनिटं ठेवा आणि खालून, बाजूने नीट पाहा. मला एवढं सांगा: ओठाच्या कडेला मिशा आहेत का. चिकटतो तो ओठांनीच, की हनुवटीखाली वेगळी चकती आहे. काळा पट्टा शेपटीच्या मुळाशी थांबतो की शेपटीच्या खाचेपर्यंत जातो. आणि कल्ल्याजवळ, नेहमीच्या फटीच्या वर, आणखी एक छोटं भोक दिसतं का.

दोन्ही माशांचं वेगवेगळं पाहा. एका पिशवीतून आले म्हणजे एकाच जातीचे, असं धरून चालू नका.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. एंजल टबात आहे. बदाम शेजारच्यांच्या अंगणात आहे, पानं मिळाली.

मासे पकडायला दोन रात्री गेल्या. जाळीला मोठा दाद देत नव्हता. शेवटी दिवे बंद करून तासाभराने टॉर्च लावली तेव्हा काचेला चिकटलेला सापडला, प्लास्टिकचा डबा समोरून लावून हळूच सरकवला.

मोठा मासा: मिशा नाहीत. भिंगातून पाहिलं, नाहीतच. बरणीच्या काचेला ओठांनीच चिकटतो, ओठ पसरून गोल बशीसारखे होतात आणि आतून खरखरीत दिसतात. हनुवटीखाली वेगळं काही नाही. पट्टा सलग नाही, एकापुढे एक डागांची रांग वाटते, आणि शेपटीच्या मुळाशी संपते. नाकाडावर बारीक पुटकुळ्या आल्यात. कल्ल्याच्या फटीच्या वरच्या टोकाला खरंच एक छोटं भोक आहे! तुम्ही विचारलं नसतं तर मला ते कधी दिसलंच नसतं. आणि कल्ले इतक्या वेगाने हलतात की मोजता येत नाहीत.

धाकटा मासा: हा अगदी वेगळा निघाला. अंग सडपातळ. तोंडाशी बारीक मिशा आहेत. काचेला चिकटला नाही, बरणीच्या तळाशी पोटाकडच्या परांवर आणि शेपटीवर टेकून बसला, जणू कोपरं टेकून बसलाय. काळा पट्टा नाकापासून निघून थेट शेपटीच्या खाचेपर्यंत जातो, कड सरळ नाही, करवतीसारखी दातेरी. पर पारदर्शक.

प्रतिसाद – जुनीटाकी

इतकं नीट पाहिलंत, आता शंका उरली नाही.

मोठा आहे तो चायनीज अल्गी ईटर, जायरिनोकायलस आयमोनिएरी. नावात चायनीज असलं तरी मूळचा थायलंड, लाओस, कंबोडियाकडच्या नद्यांतला, मेकाँग आणि चाओ फ्राया खोऱ्यांतला. तिकडे लोक तो खातात. ते छोटं भोक ही त्याची खूण. बाकीचे मासे तोंडाने पाणी आत घेतात आणि कल्ल्यातून सोडतात. याचं तोंड दगडाला चिकटलेलं असतं, मग पाणी घेणार कुठून? म्हणून वरच्या भोकातून पाणी आत आणि खालच्या फटीतून बाहेर. तोंड न सोडता श्वास चालू राहतो. म्हणूनच तो एंजलला तेवढा वेळ धरून राहू शकला.

व्हाळकाठ यांची शंका रास्त होती, कारण दोघेही चिकटतात. पण गाराची चकती हनुवटीखाली असते आणि त्याला मिशा असतात. याला दोन्ही नाहीत.

हा मासा लहानपणी खरोखर शेवाळ खातो, तुमची काच त्यानेच साफ केली. वाढला की जागा राखायला लागतो, आणि एंजल, डिस्कस यांसारख्या चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटायची त्याला सवय लागते. एकदा लागली की सुटत नाही, माझ्याकडच्या दोघांची सुटली नव्हती. वाढ २८ सेंटिमीटरपर्यंत होऊ शकते, जवळजवळ फूटभर. तुमच्या टाकीत त्याला जागा नाही. त्याला परत त्या पाण्यात सोडू नका.

धाकटा मात्र ठेवा. हाच खरा सियामीज अल्गी ईटर. फ्लाइंग फॉक्सशी याची गल्लत होते, पण फ्लाइंग फॉक्सच्या काळ्या पट्ट्यावर ठळक सोनेरी रेघ असते आणि पाठीच्या व पोटाच्या परांवर काळा रंग आणि पांढरी किनार असते. तुमच्या माशाचे पर पारदर्शक आहेत आणि पट्टा खाचेपर्यंत जातो, म्हणजे खराच. ‘याने शेवाळाला तोंड लावलं नाही’ यात त्याचा दोष नाही. दिवसभर कोणी पळवत असेल तर तो खाणार कधी? शिवाय वरून दाणे भरपूर मिळाले की हे मासे शेवाळाकडे वळत नाहीत. किती वेळा खायला घालता?

दुकानदाराने मुद्दाम फसवलं असेलच असं नाही. दोन इंचांचे असताना दोन्ही जाती एकाच खोक्यातून ‘अल्गी ईटर’ म्हणून आल्या तर त्यालाही ओळखू येत नसतील. पण फोटो घेऊन जा आणि त्याला ते भोक दाखवा. पुढचं गिऱ्हाईक तरी वाचेल.

धागाकर्ती

दिवसातून तीनदा घालत होते. मुलगी सकाळी, मी दुपारी, हे रात्री. एकमेकांना न सांगता कधी चार वेळाही होत असेल. आता फ्रिजवर कागद लावलाय, घालेल त्याने खूण करायची, दिवसाला एकदाच.

प्रतिसाद – व्हाळकाठ

माझा अंदाज चुकला, पण चकती आणि ओठांतला फरक कळला. या पावसाळ्यात व्हाळावर गेलो की नीट बघेन.

ताई, नदीचं मात्र अजिबात ऐकू नका. खांडेपार पुढे म्हादईला मिळते आणि त्याच नदीवर ओपाचा पाण्याचा प्रकल्प आहे. व्हाळात आमचा गारा ज्या दगडांवरचं शेवाळ खातो त्याच दगडांवर हा जाऊन बसेल, आणि हा अंगाने दुप्पट. टाकीतले सकर मासे लोकांनी सोडले, आज ते पूर्व कोलकात्याच्या भेड्यांमध्ये (मासे पाळायच्या तळ्यांत) आणि केरळच्या पाण्यात वाढलेत आणि मच्छीमारांच्या जाळ्यात खाण्याच्या माशांऐवजी तेच येतात. काकांना एवढंच सांगा, पाण्याचा जीव असला तरी या पाण्याचा नाही.

धागाकर्ती, बारा दिवसांनी

कळवायला उशीर झाला.

एंजलच्या जखमेवर पहिले चार दिवस काही फरक दिसला नाही. पाचव्या दिवशी लाली उतरली. आता तिथे फिकट, बिनचमकीची जागा आहे पण त्वचा बंद झाली आहे. कापसासारखं काही आलं नाही. टबात ती खायला मागते, हात दिसला की वर येते. मुलीला सगळं सांगितलं. ती रडली, आणि नंतर पाणी बदलायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. रोज संध्याकाळी मगने मोजून काढते, मोजून घालते. परवा एंजलला टाकीत परत सोडायचा विचार आहे.

धाकटा सियामीज तिसऱ्या दिवसापासून लाकडाखालून बाहेर आला. खाणं कमी केल्यावर आठवड्याभराने त्याला अनुबियासच्या कडेला तोंड मारताना पाहिलं. दोन जुन्या पानांवरचे काळे केस आता आखूड झालेत. दिव्याची वेळही दहा तासांवरून सहावर आणली, त्यामुळे श्रेय एकट्या माशाचं नसेल.

फोटो घेऊन दुकानात गेले होते. दुकानदाराने मोबाइल हातात घेऊन, मोठा करून बराच वेळ पाहिलं. टाकीतले उरलेले मासे आम्ही दोघांनी मिळून तपासले, सातपैकी पाच चायनीज निघाले. त्याने माझ्यासमोर पाटी पुसली. मासा परत घ्यायला मात्र तयार नव्हता, त्याच्याकडे एवढी मोठी टाकी नाही.

तर आता एकच मदत हवी आहे. चायनीज अल्गी ईटर सध्या ४० लिटरच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये आहे, वर जाळी बांधली आहे, भिजवलेली काकडी आणि पालक खातो. तब्येत उत्तम. फोंडा, मडगाव, पणजी, म्हापसा, कुठेही कोणाकडे चार फुटांहून मोठी टाकी असेल आणि त्यात चपटे, संथ मासे नसतील, तर कृपया संदेश पाठवा. मोठ्या चपळ बार्ब माशांबरोबर तो राहू शकेल असं जुनीटाकी यांनी कळवलं आहे. पैसे नकोत. पिशवी, हवा सगळी सोय करून मी स्वतः आणून देईन. फक्त पाण्याचं तापमान आणि टाकीचा एक फोटो आधी पाठवा.