नदी सुरय उडताना पाठ पांढरीफटक, पोट काळं: एडिटिंगमध्ये नेमकं काय चुकतंय?

नीलपंख_इंदूर
नमस्कार मंडळी. हल्ली संध्याकाळी इंदूरच्या सिरपूर तलावावर जाते. क्रॉप सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, लेन्स १५०-६००. बसलेला बगळा, शेकाट्या, हळदी-कुंकू बदक हे सगळे छान येतात. घोडं अडतं ते उडत्या नदी सुरयापाशी. आकाशावर असला की पोटाकडून काळपट, आणि तोच खाली झाडांसमोर उतरला की पाठ पांढरीफटक, पिसाची एक रेघ दिसेल तर शपथ. शटर १/२००० सेकंद, बाकी ऑटो, फाइल रॉ (कॅमेऱ्यातली मूळ, न घडवलेली).

लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) शॅडोज, म्हणजे गडद भाग, वर ओढले की पंखाखाली दाणे दिसतात. शार्पनिंग वाढवलं की आकाशाला घामोळं आल्यासारखं होतं. हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, खाली आणले तर पांढरा रंग मळकट राखाडी होतो. भाऊ म्हणतो कॅमेरा बदल. बाबा म्हणतात, बसलेले पक्षी काय वाईट आहेत? स्लायडर कुठले आणि किती, ते कुणी सांगेल का?

राऊवाला
दाणे काढणारं एआय डीनॉइज मारा, विषय संपला.

जुना_रोलवाला
विषय तिथे संपत नाही रे बाबा.

नीलपंख, स्लायडरचं मग बघू. आधी हे सांग, तू उभी कुठे राहतेस? सूर्य कुठे असतो आणि वारा कुठून येतो?

नीलपंख_इंदूर
काका, जिथून सूर्यास्त समोर दिसतो तिथे. पाणी मस्त चमकतं म्हणून. वाऱ्याकडे कधी लक्षच दिलं नाही.

जुना_रोलवाला
वाटलंच. सूर्य समोर म्हणजे सुरयाची तुझ्याकडची बाजू सावलीत. ती सावली तू घरी बसून उजळतेस. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ४०० ला काढलेल्या फोटोतली सावली तीन स्टॉप, म्हणजे आठपट, वर ओढलीस, की तिथे दाणे आयएसओ ३२०० सारखेच दिसणार. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही, भावाला तसं सांग.

आता वारा. कुठलाही पक्षी झेप घेताना, उतरताना, सूर मारण्याआधी हवेत थबकताना शक्यतो वाऱ्याकडे तोंड करतो. आपल्या माळव्यात उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा, आणि संध्याकाळी सूर्यही पश्चिमेला. म्हणजे चैत्र-वैशाखात दोन्ही पाठीशी घ्यायचे. उलट्या बाजूला जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभी राहा. सुरय तुझ्याकडे तोंड करून येईल, उतरतं ऊन थेट त्याच्या पंखाखाली शिरेल, पिवळी चोच आणि काळी टोपी दोन्ही उजळतील. सूर मारण्याआधी तो जागच्या जागी पंख फडफडवतो, तो तुझा क्षण. थंडीत वारा पुष्कळदा उत्तर-ईशान्येचा असतो, तेव्हा सकाळ बरी.

दुसरं म्हणजे ते ‘बाकी ऑटो’. कॅमेरा अख्खी चौकट मोजतो. मागे आकाश आलं की त्याला वाटतं उजेड फार, म्हणून तो फोटो काळा करतो. मागे झाडं आली की उलटं, आणि पांढरी पाठ जळते. सुरयावरचं ऊन मात्र दोन्हीकडे तेच असतं! म्हणून पूर्ण मॅन्युअल. रोलच्या जमान्यात एक हिशोब तोंडपाठ असायचा: स्वच्छ ऊन असेल तर अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ १६, आणि शटर ‘एक भागिले आयएसओचा आकडा’ इतके सेकंद. तोच तुझ्या लेन्सवर बसवला तर आयएसओ ४००, एफ ६.३, शटर १/२५००. ऊन उतरलं की आयएसओ ८००.

नेमकं जुळवायला त्याच उन्हात बसलेला एखादा बगळा शोध. हायलाइटचा इशारा (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारा) चालू ठेव, फोटो काढ, बगळ्याचं अंग स्क्रीनवर लुकलुकलं तर शटर आणखी वेगवान कर. लुकलुक थांबली की आकड्यांना हात लावायचा नाही, मागे आकाश येवो की झाडं. बसल्या बगळ्यासारखा लाइट मीटर दुसरा नाही.

पिपल्याहाना_पक्षी
काका, मॅन्युअल ठीक, पण ढग आला की गेलं सगळं. मी शटर आणि अॅपर्चर धरून आयएसओ ऑटोवर ठेवतो. भिया, कापशी घार झाडीतून एकदम उन्हात येते तेव्हा चाक कोण फिरवणार?

जुना_रोलवाला
ढगांचा खेळ चालू असेल किंवा पक्षी सावलीतून उन्हात येत असेल तर तुझंच बरोबर. पण उघड्या पाण्यावर, मोकळ्या उन्हात, पांढऱ्या पक्ष्याला ऑटो आयएसओ दगा देतो. इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावावर सारसाची जोडी आली तर ऑटो आयएसओही चालेल. सारस एवढा मोठा आणि पंखांची लय इतकी संथ, की १/१००० शटरही पुरतं.

नीलपंख_इंदूर
जागा उद्याच बदलते. पण काका, जुने फोटो टाकून देऊ? आणि एडिटिंगचं राहिलंच.

जुना_रोलवाला
राहिलं नाही, बेटा, त्याची पाळी आता आली. जळालेली पाठ टाकून दे, तिथे फाइलमध्ये काही उरलेलंच नाही. काळपट पोटाचे ठेव, त्यांच्यात जीव आहे.

डीनॉइज सर्वांत आधी, रॉवरच. राऊवाल्याचं तेवढं खरं. मग पक्ष्याचा मास्क कर, म्हणजे फक्त पक्षी निवड, आणि जे करायचं ते त्याच्या आतच. हायलाइट्स चाळीसेक खाली आण, पण लगेच व्हाइट्स दहा-पंधरा वर ने. तू हे दुसरं करत नाहीस म्हणून पांढरा मळतो. शॅडोज अख्ख्या फोटोचे नकोत, फक्त पंखाखाली ब्रश फिरव. तिथे आकाशाचा निळा किंवा पाण्याचा हिरवट रंग शिरलेला असतो, टेम्परेचर किंचित पिवळ्याकडे नेलं की पिसं पिसांसारखी दिसतात. सगळाच निळा काढू नकोस, पंख बाहेरून चिकटवल्यासारखा दिसेल.

शार्पनिंगमध्ये मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढ. चित्र काळं-पांढरं होतं. जिथे पांढरं तिथेच शार्पनिंग लागतं. आकाश पूर्ण काळं होईपर्यंत ओढ, घामोळं गेलं समज.

दुपारी तीनला तापलेल्या पाण्यावरून दूरचा पक्षी काढला असेल तर मात्र फोकस अचूक असूनही तो मऊच येतो. मधली हवा थरथरत असते. त्यावर कुठल्याही सॉफ्टवेअरात औषध नाही.

पिपल्याहाना_पक्षी
लाइटरूमचे पैसे भरायचे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे, मास्क त्यातही होतात. पहिला आठवडा डोकं फिरतं, एवढंच.

नीलपंख_इंदूर
आणि क्रॉप? सुरय चौकटीत चिमणीएवढा असतो.

जुना_रोलवाला
तुझी फाइल ६००० बाय ४००० ची. रुंदीचा तिसरा भाग ठेवलास तरी २००० पिक्सेल उरतात, मोबाइलवर दाखवायला भरपूर. भिंतीवर लावायचा मोठा प्रिंट त्यातून मागू नकोस. ज्या बाजूला उडतोय तिकडे जागा जास्त सोड. कडेला आलेली काडी पुसायचा मोह होईल. घरात लावायला पूस, स्पर्धेला पाठवायचा असेल तर नियम वाचून मगच. पुष्कळ ठिकाणी मूळ रॉ मागतात.

आणि जवळ जायचं म्हणून बेटावर किंवा वाळूच्या पट्ट्यावर उतरू नकोस. उन्हाळ्यात सुरय जमिनीवरच अंडी घालतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत हा पक्षी आता ‘असुरक्षित’ गटात आहे. सिरपूरला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला तो आपल्या फोटोंसाठी नाही.

राऊवाला
काका, मीही येऊ का उद्या? माझ्याकडे ७०-३०० आहे.

जुना_रोलवाला
ये. साडेचारपर्यंत पोच, आणि तो भगवा टी-शर्ट घरी ठेव.